डोळ्यात वायूचा फुगा आणि समोर आंबोली घाट

नमस्कार मंडळी! सावंतवाडी-कुडाळकडची माणसं डोळ्याच्या मोठ्या ऑपरेशनला बऱ्याचदा घाट चढून कोल्हापूर, बेळगाव गाठतात. पडद्याचं ऑपरेशन असेल तर आधी हा व्हिडिओ बघा.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं. त्यालाच आपण पडदा म्हणतो. त्याला भोक पडलं की आतलं पाणी त्यातून मागे शिरतं आणि पडदा सुटायला लागतो. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस म्हणतो, आंबा संपू दे, मग जाऊ. तसं करू नका. डोळ्यात वीज चमकली, एकाएकी काळे ठिपके तरंगायला लागले, बाजूने सावली चढली, तर त्याच दिवशी दाखवा.

उपचारात डॉक्टर डोळ्यात वायू सोडतात. कधी नुसत्या सुईने, जेमतेम ०.३ मिली, कधी आतली जेली काढून. हा फुगा भोक आतून दाबून धरतो, मागचं पाणी डोळा स्वतःच शोषतो. पडदा चिकटतो तो मात्र लेसरने किंवा अतिथंड शेकाने. त्याला दोनेक आठवडे लागतात. गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखा फुगा कायम वर पळतो, म्हणून भोक जिथे असेल तसं डोकं ठेवायचं. शेजारच्या काकूंना पालथं झोपवलं आणि तुम्हाला ताठ बसवलं, तर डॉक्टर चुकले नाहीत! उताणं मात्र झोपू नका.

आता घाट. डोळ्यात सोडलेला वायू सल्फर हेक्झाफ्लोराइड असेल तर साधारण दोन आठवडे टिकतो, परफ्लुरोप्रोपेन असेल तर दोनेक महिने. उंचीवर हवेचा दाब घटतो, फुगा फुगतो. डोळा थोडाच फुगणार? आतला दाब चढतो, नस दबून नजर जाऊ शकते. म्हणून विमान बंद. मुंबईत ऑपरेशन झालं तर विमानाचं तिकीट विसरा, कोकण रेल्वेने या. आंबोली सुमारे ७०० मीटरवर. किनाऱ्यावरून तिथे पोचेतो फुगा साधारण आठ टक्क्यांनी वाढतो. कोल्हापुराहून खाली उतरताना तो आकसतो. खरी पंचाईत तपासणीला परत चढताना. डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट विचारा, "डॉक्टर, मी समुद्राकाठी राहतो, घाट चढून येऊ का?" नाही म्हणाले, तर तपासणी होईपर्यंत वरच नातेवाइकांकडे राहा.

फुगा असताना दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं, तर भूल देणाऱ्यांना आधी सांगा. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू चालत नाही. आणि घाट चढताना डोळा ठणकला, मळमळलं, तर गाडी वळवा, खाली उतरा आणि डॉक्टरांना फोन लावा.