ऑन्री लाब्रूस्त : वाचकांसाठी बांधणारा माणूस

मंडळी, एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस म्हटलं की आपल्याला आयफेलचा मनोरा आठवतो, फार तर गार्निएचं ऑपेरागृह. वास्तुकार ऑन्री लाब्रूस्तचं नाव वास्तुकलेचे विद्यार्थी सोडले तर फारसं कुणी घेत नाही. त्याच्या नावावर मोठ्या इमारती थोड्याच, पण त्यांतली दोन ग्रंथालयं अशी आहेत की बाकी काही बांधलं नसतं तरी चाललं असतं.

जन्म १८०१चा. १८२४ मध्ये रोमची मानाची शिष्यवृत्ती मिळाली. तिथून पॅरिसच्या ललित कला अकादमीला दरवर्षी कामं पाठवायची असत. यानं दक्षिण इटलीतल्या पेस्तुमच्या ग्रीक मंदिरांची रेखाटनं पाठवली आणि वर म्हटलं की यांतलं एक मंदिरच नव्हे, सभागृह आहे. इमारत कोण वापरत होतं, कशासाठी, हा त्याचा प्रश्न. अकादमीचे सचिव कात्रमेर द कँसी भडकले. आता गंमत अशी, की ते मंदिरच होतं हे पुढे सिद्ध झालं. म्हणजे उत्तर चुकलं. पण प्रश्न त्यानं जन्मभर सोडला नाही. शिक्षा म्हणा हवं तर, पॅरिसला परतल्यावर १८३८ पर्यंत त्याला स्वतःचं मोठं काम मिळालं नाही. तोवर तो शिकवत राहिला.

१८३८ मध्ये आलं ते पॅरिसमधल्या पॅन्थिऑन या स्मारकासमोरच्या सँत-जनव्हिएव्ह ग्रंथालयाचं काम. वस्ती विद्यार्थ्यांची. त्यांच्या खोल्या थंड आणि अंधाऱ्या, म्हणून ग्रंथालय संध्याकाळीही उघडं ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे गॅसचे दिवे आले, आणि दिव्यांबरोबर आगीची भीती. मग दगडी भिंतींच्या आत सगळा सांगाडा लोखंडाचा. दालनाच्या मधोमध बिडाच्या सडपातळ खांबांची एकच रांग, त्यावर नक्षीदार लोखंडी कमानी. रेल्वे स्थानकात शोभणारं लोखंड त्यानं विद्येच्या दालनात उघडंनागडं ठेवलं. गिलाव्याखाली लपवलं नाही.

बाहेरच्या भिंतीवर ८१० लेखकांची नावं कोरली आहेत. मोझेसपासून सुरुवात, शेवट रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसपाशी; हा गृहस्थ वारला १८४८ मध्ये, म्हणजे यादी अगदी ताजी! दाराशी बाग हवी होती, पण जागा नव्हती. मग प्रवेशदालनाच्या भिंतींवर झाडं रंगवून घेतली, आणि डिसेंबरातही हिरवी राहतील असं पुढे एका पत्रात मिस्कीलपणे लिहिलं. १८५१ मध्ये ग्रंथालय खुलं झालं.

दुसरं काम राष्ट्रीय ग्रंथालयाचं. १८६८ मध्ये उघडलेल्या वाचनकक्षात १६ बारीक खांबांवर नऊ घुमट तरंगतात. प्रत्येकाच्या माथ्यावर गोल झरोका, आत पांढुरक्या चिनीमातीच्या फरश्या, म्हणजे वरून आलेला उजेड पसरतो. इथे गॅसच्या दिव्यांना मज्जाव होता. दिवस मावळला की वाचन संपलं. तोच माणूस, तीच आगीची धास्ती, आणि उत्तर नेमकं उलटं.

त्याहून मला आवडतं ते पलीकडचं पुस्तकांचं कोठार. माथ्यावर काचेचं छप्पर, आणि मजल्यांच्या जमिनी लोखंडी जाळीच्या, म्हणजे वरचा प्रकाश झिरपत खालच्या मजल्यापर्यंत पोहोचावा. तिथे वाचकांना प्रवेश नव्हता, फक्त कर्मचारी वावरत. तरी सजावट टाळून केलेलं हे काम मला समोरच्या देखण्या कक्षापेक्षा जास्त धाडसी वाटतं.