यंत्रही चालतं, मंत्रही चालतो

(फोंड्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, संपादित करून.)

सभाध्यक्ष आणि एवढ्या पावसातून आलेले तुम्ही सगळे,

आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स मराठीत यायचं. त्यातल्या मुखवटेवाल्या नायकाचं नाव होतं वेताळ. आता गोव्यातल्या पोराची पंचाईत बघा. आमच्याकडे वेताळ खराच आहे. गावाचा राखणदार. रात्रभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वाहायच्या. मी ते पुस्तक आजीला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "बूट घातलेत. हा आपला नव्हे."

आजचा विषय आहे 'सागा' ही कॉमिक मालिका. तिला सायन्स फँटसी म्हणतात, म्हणजे जिथे यंत्रही चालतं आणि मंत्रही चालतो. लँडफॉल नावाचा एक ग्रह, तिथल्या माणसांना पंख. रीथ हा त्याचा चंद्र, तिथल्या लोकांना शिंगं. दोघांत पिढ्यान्पिढ्या युद्ध. पण एकाचा नाश झाला तर दुसराही कक्षेतून भरकटणार, म्हणून दोघांनी आपली लढाई दुसऱ्यांच्या ग्रहांवर नेऊन ठेवली आहे. घर शाबूत, रणांगण शेजाऱ्याच्या अंगणात. त्यात पंखवाली अलाना आणि शिंगवाला मार्को लग्न करतात, त्यांना मुलगी होते, आणि दोन्हीकडचे लोक तिघांच्या मागे लागतात.

गोष्ट एवढीच असती तर मी तुमची संध्याकाळ घेतली नसती. पळून गेलेलं जोडपं आपल्याला काही नवीन नाही. खरी करामत आहे सांगणाऱ्याची. गोष्ट सांगते ती मुलगी, हेझेल, मोठी झाल्यावर. म्हणजे ही पोर जगणार हे पहिल्याच पानावर कळतं. त्यामुळे तिच्याबद्दलची धाकधूक संपते आणि बाकी सगळ्यांबद्दलची सुरू होते. आई राहील का? बाप राहील का? आजी?

लेखक ब्रायन के. व्हॉन. हे जग त्याच्या डोक्यात शाळेत असल्यापासून होतं, गणिताच्या तासाला. त्याला कथा मिळाली ती पुष्कळ वर्षांनी, बायको दुसऱ्यांदा गरोदर असताना. मधल्या काळात त्याने कॉमिक्समध्ये नाव कमावलं, टीव्ही मालिकांसाठी लिहिलं. चित्रकार फिओना स्टेपल्स कॅनडातली, कॅल्गरीची. एका लेखकमित्राने दोघांची गाठ घालून दिली. गंमत म्हणजे काम सुरू होऊन बराच काळ ती दोघं प्रत्यक्ष भेटलीच नव्हती. 2011 मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक संमेलनात मालिकेची घोषणा व्हायची होती, त्याच्या थोडं आधी पहिली भेट झाली.

मी स्वतः चित्रं काढणारा, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. आपल्या लोटलीच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं चित्र आठवा. बाल्कनीतली बाई, खालचा पाववाला, कोपऱ्यातला कुत्रा, सगळ्यांना सारखीच ठसठशीत रेघ. कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. स्टेपल्स याच्या नेमकं उलट करते. ती संगणकावर काढते. माणसांना शाईची बाह्यरेषा, आणि पार्श्वभूमी मात्र रेघेशिवाय, नुसत्या रंगात रंगवलेली, जुन्या ॲनिमेशनपटांत असायची तशी. त्यामुळे आकाशगंगा कितीही अफाट असली तरी डोळा सुटून जातो तो बाळाला घेतलेल्या हाताकडे. हेझेलचं निवेदन स्टेपल्स स्वतःच्या हाताने लिहिते. त्याला चौकट नाही. अक्षरं चित्रात मोकळी सोडलेली, लहान मुलांच्या पुस्तकात असतात तशी. आणि अलाना-मार्कोचं अंतराळयान? ते एक झाड आहे. लाकडाचं.

एक मांजरही आहे, भलीमोठी, केस नसलेली. समोरचा खोटं बोलला की ती एकच शब्द उच्चारते: खोटं. आपल्या विधानसभेत अशी एक असती तर... असो.

मला सर्वांत भावली ती भाषेची गोष्ट. मार्कोचे लोक 'ब्लू' नावाची भाषा बोलतात, निळ्या अक्षरांत. ती या पुस्तकासाठी रचलेली नाही. ती एस्परांतो आहे, मुद्दाम घडवलेली भाषा. झामेनहॉफने 1887 मध्ये जगापुढे ठेवलेली, सगळ्यांना जोडणारी म्हणून. इथे ती युद्धातल्या एका पक्षाची झाली आहे. आणि अनुवाद कुठेच दिलेला नाही. काही पानं तुम्ही नुसते चेहरे बघत बसता. आमच्या घरी वडीलधारे जमिनीच्या भानगडी पोर्तुगीजमध्ये बोलायचे, पोरांना कळू नये म्हणून. बोलणं कोंकणीत, वाचणं मराठीत, भांडण पोर्तुगीजमध्ये. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण भाट, म्हणजे माडांची बाग, कुणाच्या वाट्याला गेलं ते काकांच्या कपाळावरून कळायचं. ती पानं मी तशीच वाचली.

आता स्वागताकडे. पहिला अंक 14 मार्च 2012 ला आला. 44 पानं, किंमत नेहमीचीच, 2.99 डॉलर. मुखपृष्ठावर अलाना बाळाला अंगावर पाजते आहे. आत पहिल्याच पानावर ती प्रसूतीच्या कळा देत शिव्या घालते आहे. अंक भराभर संपला, पुन्हा पुन्हा छापावा लागला. 2013 मध्ये पहिल्या खंडाला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार, त्याच वर्षी कॉमिक्सचे तीन आयझनर पुरस्कार, पुढेही बरेच. प्रकाशक इमेज कॉमिक्स. तिथे मालकी निर्मात्यांचीच राहते. हे का महत्त्वाचं? 1938 मध्ये सुपरमॅनचे हक्क दोन तरुणांनी 130 डॉलरला देऊन टाकले होते. त्या धंद्याची सुरुवात तशी आहे.

कुरबुर झाली ती आधी मुखपृष्ठावरून. बंदुका असलेल्या मुखपृष्ठांवर कुणी बोलत नाही. पाजणारी आई दिसली की डोळे विस्फारतात. एप्रिल 2013 मध्ये बाराव्या अंकाचं प्रकरण झालं. त्यात एका यंत्रमानव राजपुत्राच्या तोंडाच्या जागी टीव्हीचा पडदा आहे, त्यावर तिकिटाएवढी दोन समलिंगी संबंधांची चित्रं येतात. अंक आयफोन-आयपॅडच्या ॲपवर मिळेना. व्हॉनने जाहीरपणे ॲपलला दोष दिला. दुसऱ्याच दिवशी कॉमिक्सॉलॉजी या विक्रेत्या कंपनीने कबूल केलं की ॲपलने काही म्हटलंच नव्हतं. नियमांचा अर्थ आम्हीच तसा लावला. साहेबाने डोळे वटारायच्या आधीच कारकून फाईल बंद करतो, तसं. अंक लगेच विक्रीला आला.

2014 मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत, ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप आले त्यांत, 'सागा' सहावी होती. आक्षेपांत नग्नता होती, भाषा होती, आणि एक शब्द होता: कुटुंबविरोधी. ज्या पुस्तकात आईबाप मुलीला काखोटीला मारून आकाशगंगा पालथी घालतात, सासू सुनेशी भांडत सोबत येते, दाईची जागा एक भूत घेतं, ते कुटुंबविरोधी! नग्नतेचं म्हणाल तर आपल्या लोलये गावचा बेताळ, म्हणजे वेताळच, कित्येक शतकं उघडाच उभा आहे, आणि बायाबापड्या त्याला हात जोडून जातात.

जुलै 2018 मध्ये 54 वा अंक आला. त्यात काय होतं ते सांगत नाही, पुढच्या रांगेतल्या मुलीने कानांवर हात ठेवलेत. तो अंक संपवून मी तासभर व्हरांड्यात बसून होतो. त्यानंतर विश्रांती जाहीर झाली, किमान वर्षाची. परत यायला उजाडला जानेवारी 2022. कथेतही तीन वर्षं सरली होती आणि हेझेल दहा वर्षांची झाली होती. एकूण 108 अंकांचा बेत आहे.

इथल्या एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे: हे वाचनालयात ठेवावं का? ठेवावं, पण बालविभागात नव्हे. चित्रं आहेत म्हणून ते कपाटाच्या खालच्या फळीवर सरकवू नका, लेखनिकाच्या टेबलामागे वर ठेवा. माझा पहिला खंड इथे ठेवून जातो. गेल्या पावसाळ्यात त्याला बुरशी लागली होती, काही पानं अजून चिकटतात. जोराने ओढू नका, कडेने सोडवा.