धुराची वेळ

(दृश्य : अक्कलकोट रस्ता, पहाट. औद्योगिक वसाहतीतील धुराडी.)

एके काळी सोलापूरची घड्याळे गिरणीच्या भोंग्यावर लावली जात. १८७७ साली स्थापन झालेल्या ‘जुन्या मिल’पासून पुढे कित्येक वर्षे पाळी कधी सुरू होते आणि कधी सुटते, हे साऱ्या शहराला ऐकू येत असे. गिरण्या बंद पडल्या, घरोघरी यंत्रमाग आले, अक्कलकोट रस्त्यावर आणि चिंचोळीला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायला, आणि रंगाईला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर लागतो, आणि त्या बॉयलरमध्ये काय जळते आहे व ते नीट जळते आहे की नाही, यावर शेजारच्या वस्तीतील हवा ठरते. हा धूर कोणत्या वेळी सुटतो, हे सांगणारा भोंगा मात्र नाही.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आले. सर्वांत घातक ठरणारे सूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५, चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असे भारतीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. परंतु आकडा कोणताही धरला, तरी मोजमाप सरासरीचेच राहते. समजा, एखाद्या गल्लीत एकवीस तास ४० मायक्रोग्रॅम धूळ आहे आणि पहाटेचे तीन तास ती २०० वर जाते. दिवसाची सरासरी नेमकी ६० येते, म्हणजे कागदोपत्री सारे मर्यादेत असते. त्यातच हवा मोजण्याच्या मनुष्यचलित सरकारी केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ नोंदी घेण्याची पद्धत आहे. त्या नोंदी शहराचा कल ओळखायला पुरेशा आहेत. एका गल्लीची पहाट त्यांत सापडणे अवघड.

(दृश्य : गच्चीवरील दोरी, वाळत घातलेले टॉवेल, भिंतीवर टांगलेला छोटा संवेदक.)

रहिवाशांनी स्वतः हवा मोजण्याचे काम येथून सुरू होते. काही हजार रुपयांच्या या यंत्रात एक लहान पंखा हवा आत ओढतो, लेसरचा किरण कणांवर आपटून विखुरतो आणि त्या विखुरण्यावरून यंत्र कणांचा अंदाज बांधते. तो अंदाजच असतो, हे विसरून चालत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की कण ओलावा धरून फुगतात आणि यंत्र आकडा चढवून दाखवते. उलट, रस्त्यावरची भरड धूळ आणि यंत्रमागाजवळ उडणारे कापसाचे तूस त्याच्या नजरेतून बरेचसे निसटते. मागाच्या खोलीवरच संसार असलेल्या घरांनी ‘आकडा कमी आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठी. यंत्र वस्तीत लावण्याआधी काही आठवडे सरकारी केंद्राशेजारी ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत. नंतर ते चुलीपासून आणि पिठाच्या गिरणीपासून दूर टांगावे, आणि दुसरे एक कारखान्यांच्या पलीकडे, वारा येतो त्या बाजूला असावे.

तरीही यंत्राहून मोलाची आहे ती साधी वही. तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीलगतच्या गावकऱ्यांनी २००४ च्या सुमारास वास केव्हा आला, कसला आला आणि वारा कुठून होता, याच्या नोंदी ठेवल्या. कॅलिफोर्नियात १९९५ मध्ये पुढे आलेल्या बादलीच्या तंत्राने, म्हणजे बादलीतल्या पिशवीत हवा ओढून घेऊन, त्यांनी हवेचे नमुनेही पकडले. तेथे प्रश्न रासायनिक वायूंचा होता. आपल्याकडे तो मुख्यतः धुराचा आणि धुळीचा आहे, म्हणून बादलीपेक्षा वही अधिक उपयोगी पडेल. वाऱ्याची दिशा पाहायला गच्चीवर टॉवेलची एक चिंधी बांधली तरी पुरते. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून येऊ लागला की अक्कलकोट रस्त्याच्या वसाहतीचा धूर शहराकडे वळतो, आणि थंडीच्या रात्री हवेचा खालचा थर वर उठत नसल्याने तो सुनील नगर, नीलम नगरसारख्या वस्त्यांत रेंगाळू शकतो. पण त्याच रात्री कोणी कोपऱ्यावर कचरा पेटवला असेल, तर तेही वहीत आले पाहिजे. आकड्यांतला प्रत्येक उंचवटा कारखान्याच्या माथी मारणारी वही पहिल्याच चौकशीत निकामी ठरते.

आणखी एक अडचण यंत्राने सुटणारी नाही. ज्या धुराड्याबद्दल लिहायचे, त्याच्याच खाली घरातले कोणीतरी पाळीवर असते. म्हणून नोंद एका घराच्या नावावर न ठेवता पाच-सहा घरांनी वही आळीपाळीने चालवणे शहाणपणाचे आहे.

धुराड्यातील उत्सर्जनाचा पुरावा म्हणून कायद्याच्या दृष्टीने या नोंदी पुरेशा ठरत नाहीत. वायू प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, १९८१ च्या कलम २६ नुसार धुराड्यातील उत्सर्जनाचा नमुना विहित पद्धतीने घेतला असेल, तरच त्याचे विश्लेषण न्यायालयात ग्राह्य धरले जाते, आणि तो घेण्याचा अधिकार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. मग वहीचा उपयोग काय? अर्जात ‘फार धूर येतो’ एवढेच लिहिण्याऐवजी तारखा, तास आणि वाऱ्याची दिशा यांचा तक्ता जोडता येतो, आणि त्याखाली एक नेमकी मागणी करता येते : तपासणी सकाळी अकराला नको, पहाटे तीनला करावी.