आजाराची भीती, ऑक्सिमीटर आणि स्तोत्र 91

सलाम मंडळी. आवाज नीट येतोय ना? मागच्या वेळी पंख्याची घरघर आली म्हणून सगळे रागावलात, म्हणून आज पंखा बंद. जालन्यात मे महिन्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी मधे घाम पुसला तर लगेच "ताई, बीपी बघून घ्या" असं लिहू नका. आजचा विषयच तो आहे.

दोन महिने झाले, तुम्ही विचारायलेत. एका व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणून गेले होते, की मला मधे आजाराची लई भीती बसली होती आणि त्यातून प्रभूनं काढलं. त्यावर सविस्तर बोला म्हणे. बोलते.

ही भीती म्हणजे काय, ते ज्याला आहे त्याला सांगावं लागत नाही. डोकं दुखलं की गाठ, छातीत चमक निघाली की अटॅक, पोट बिघडलं की कॅन्सर. मोबाइलवर शोधायचं, जास्त घाबरायचं, डॉक्टरकडे पळायचं, "काही नाही" ऐकून दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे, "त्यांच्या नजरेतून काही सुटलं तर नसेल?" पूर्वी याला हायपोकॉन्ड्रिया म्हणायचे. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्या यादीतून ते नाव काढलं आणि त्याच्या जागी दोन नवी नावं घातली. नावं राहू द्या. छातीत दुखून दरदरून घाम सुटला, कळ हातात नाही तर जबड्यात गेली, तर माझा व्हिडिओ बंद करा आणि 108 ला फोन लावा. काही नवीन त्रास असला तर डॉक्टरला एकदा दाखवा. एकदा. हा "एकदा" लक्षात ठेवा, त्याच्यासाठीच मी पंखा बंद करून बसले आहे.

मी बारा वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन होते. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट छापायचा. 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्यातला एक पोरगा आठ दिवसांत गेला. त्याच्या शेजारी बसून मी डबा खाल्लेला. मला काहीच झालं नाही, आणि तिथूनच सुरू झालं.

ऑक्सिमीटर आणला, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा. रात्री तीन वाजता उठून बोट घालायचं. 97. परत घालायचं. 96. कमी काऊन झाला? बोट गार पडलं की आकडा चुकतो, हे पेशंटला समजावून सांगणारी मीच. तरी मधलं बोट, मग अंगठा, मग दुसरा हात. पलीकडच्या बाजेवरून आई म्हणायची, "झोप की गं. त्या चिमट्यात किती बोटं घालायलीस?" त्यातून मानेतली गाठ दाबायची सवय लागली. दिवसातून तीस-चाळीस वेळा एकच जागा दाबली तर ती दुखणारच, सुजणारच. मग ती दुखते म्हणून परत दाबायची.

ऑक्टोबरात प्रार्थनास्थळं उघडली. एका रविवारी संध्याकाळची उपासना होती आणि लाइट गेलेली. पाळकसाहेब "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायले, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि माझं बोट पदराखाली चिमट्यात. पुढच्या बाकावर एक चार वर्षांचं लेकरू होतं. त्याचे डोळे कशाला मिटतील? मोठ्यानं म्हणालं, "मम्मी, काकूच्या पदरात लाल लाइट लागला!" "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" तिथंच अर्धी मंडळी हसायला लागली. मीपण हसले. घरी येऊन मात्र लई रडले.

आता तुमच्या कमेंट. एक भाऊ दर व्हिडिओखाली लिहितात, "ताई, विश्वास पक्का असता तर भीती वाटलीच नसती. फिलिप्पै 4:6." बस, एवढंच. शिवी द्यावी तसं वचन फेकून जातात. भाऊ, तेच पत्र जरा आधीपासून वाचा. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे प्रेषित पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला बंदिवासातून लिहिलंय. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाचा सोबती एपफ्रदीत आहे, तो आजारी पडून मरायला टेकला होता. पौल सरळ लिहितो की देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे पौलाच्या काळजाचं पाणी झालं होतं! आणि त्याच अध्यायात तो त्याच्या तरुण सहकाऱ्याचं, तीमथ्याचं, कौतुक करतो, की तुमची खरी काळजी करणारा असा दुसरा माणूस माझ्याकडे नाही. आपल्या मराठीत एकीकडे "काळजी" आहे, एकीकडे "चिंताक्रांत". मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच, मेरिम्नाओ. तीमथ्यानं केली तर गुण, आणि मी केली तर माझा विश्वास कच्चा?

आणि हाच तीमथ्य सारखा आजारी पडायचा. पौल त्याला काय लिहितो? प्रार्थना वाढव? नाही. नुसतं पाणी पिऊ नको, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. पहिलं तीमथ्य, 5:23. (आता याचा भलता अर्थ काढून कुणी बारकडे वळू नका, तुमची बायको मला फोन करील.)

गोळी घेणं म्हणजे अविश्वास, हे आपल्या लोकांत आलं कुठून, हेच मला कळत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. मिरजेचा मिशन दवाखाना 1894 चा. आपल्या आज्या-मावश्या नर्सिंग शिकल्या त्या मिशनच्या दवाखान्यांतच. माझी आजी पांढरी साडी नेसून रात्रपाळीला जायची, कंदील घेऊन. तिला कुणी "तुझा विश्वास कमी" म्हणालं असतं तर तिनं बेडपॅन हातात दिलं असतं.

असो. खरी गोष्ट दुसऱ्या कमेंटमध्ये आहे. परभणीकडच्या एक ताई लिहितात, "मी दिवसातून चाळीस वेळा स्तोत्र 91 म्हणते. म्हणेपर्यंत बरं वाटतं, संपलं की परत भीती. माझं काय चुकतंय?"

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्तोत्र 91 म्हणजे बायबलातलं, देव मरीतून आणि संकटातून राखील असं सांगणारं गीत.) ताई, चाळीस हा आकडा वाचून मला माझी मानेतली गाठ आठवली.

हळू ऐका, कारण हे मला कळायला दीड वर्ष गेलं. तुम्ही स्तोत्राचा ऑक्सिमीटर केलाय. मी पण केला होता. चिमटा पर्समध्ये ठेवून दिला आणि बायबल हातात घेतलं, पण बोट घालणं चालूच. डोळे मिटून पान उघडायचं, बोट पडेल ते वचन. चांगलं निघालं की वाचले. अरण्यातल्या मरीचं निघालं की दिवस गेला, मग दुसरं पान, मग तिसरं. चिठ्ठी काढणं झालं हे. प्रार्थना काय करायची मी? "प्रभू, मला काही झालं नाही ना? सांग ना, काही नाही ना?" हे मी देवाला लॅबच्या खिडकीत उभं राहून विचारायचे.

आणि लॅबच्या खिडकीतून काय मिळतं ते मी बारा वर्षं आतल्या बाजूनं पाहिलंय. रिपोर्टवर नॉर्मलची जी रेंज छापतात, ती साधारणपणे निरोगी लोकांतल्या 95 टक्क्यांचे आकडे बसतील अशी धरलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही शंभरात पाच बाहेर पडणारच. वीस तपासण्यांचं पॅकेज घ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस धरा, तर काहीही झालं नसताना एखादा तरी आकडा बाहेर जायची शक्यता जवळपास 64 टक्के. त्या आकड्यापुढं ठळक अक्षर येतं आणि माणसाची झोप उडते. सगळे आकडे आत आले तरी रिपोर्ट कधीचा? सकाळी सात वाजता काढलेल्या रक्ताचा. साडेसातचं काय? शंभर टक्के खात्री कुठलाच कागद देत नाही. भीतीला मात्र तीच पाहिजे असते, म्हणून ती कागद बघते आणि म्हणते, अजून एक आण.

वचन हा तसा कागद नाही. स्तोत्र 23 काढा. "मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी..." दरी टळेल असं लिहिलंय का? तुझा रिपोर्ट नॉर्मल येईल असं लिहिलंय का? "तू मला सोबत आहेस" असं लिहिलंय. आपण सोबत मागायच्या ठिकाणी गॅरंटी मागतो, आणि न दिलेली गॅरंटी मिळाली नाही म्हणून आपला विश्वास कमी पडला असं समजतो.

पटलं नाही? मग स्तोत्र 91 च घ्या. नव्या करारात हे स्तोत्र तोंडपाठ कोण म्हणून दाखवतं? मत्तय चौथा अध्याय. सैतान! येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, टाक खाली उडी, लिहिलंच आहे ना, देवदूत तुला झेलतील. वचन खरं, लावायची रीत खोटी. प्रभू उत्तर देतो जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातून, देवाची परीक्षा पाहू नको. मी ते किती वर्षं ऐकलंय, पण ते माझ्या ऑक्सिमीटरला लागू आहे हे डोक्यात शिरलं नव्हतं. चाळीस वेळा "झेलशील ना?" विचारणं हीपण परीक्षाच की. ताई, मी तुम्हाला रागवत नाही. मी स्वतः त्या शिरोभागावर दीड वर्ष बसून होते.

तिसऱ्या बाजूनं सांगते, मग पाणी पिते. माझे वडील मोंढ्यात हमाल होते. तेव्हा क्विंटलाची पोती. पाठीवरून पोतं थप्पीवर टाकलं की हात झटकायचा आणि पुढच्या पोत्याकडे. टाकलेलं पोतं परत उचलून, नीट बसलंय का बघून, परत ठेवणारा हमाल तुम्ही पाहिलाय? मुकादम त्याला दुपारपर्यंत ठेवणार नाही. पहिलं पेत्र 5:7, "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका". हे जे "टाका" आहे ना, ते ग्रीक क्रियापद नव्या करारात दोनदाच येतं. दुसऱ्यांदा कुठं? लूक 19, येशूला बसायला शिष्यांनी आपली वस्त्रं शिंगरावर टाकली तिथं. टाकली, आणि शिंगरू ती घेऊन चालायला लागलं. कुणी मागून पळत जाऊन "माझी चादर बघू" म्हणालं नाही.

आता हमखास येणारा प्रश्न: भीती वाटल्यावर देवाकडे जायचं नाही तर जायचं कुठं? जा की. एकदा जा. सांगा, "प्रभू, मला भीती वाटायली. मला काय झालंय का नाही ते मला माहीत नाही. तू आहेस." आमेन. आणि उठून भांडी घासा. भीती गेली का हे बघायला परत वाकून पाहू नका, तेच तपासणं आहे. ती दहा मिनिटं जीव नकोसा होतो, खोटं कशाला सांगू. हात शिवशिवतो. पण ती हुक्की चढते तशी उतरते, आपण काही न करता. पहिल्यांदा उतरली तेव्हा मी ज्वारी निवडत होते, अर्धं सूप झालं होतं.

आणि स्तोत्राची वेळ ठरवून टाका. मी 23 वं सकाळी चहा ठेवला की म्हणते, उकळी येईपर्यंत होतं. भीती असो नसो. पाण्याचा टँकर आला तर थोडं पुढं-मागं.

एवढ्यानं मी बरी झाले असं सांगितलं तर ते खोटी साक्ष होईल. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले, गोळी घेतली, एका मॅडमकडून समुपदेशन घेतलं. तपासायची हुक्की येऊ द्यायची पण तपासायचं नाही, हे मला त्या मॅडमनी शिकवलं. त्या ख्रिस्ती नाहीत. घरी येऊन मी मत्तय चौथा वाचला आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत बसल्या. डॉक्टर आता एकच, आणि तारीख ठरलेली. मधे दुखलंखुपलं तर वहीत लिहायचं आणि त्या तारखेला दाखवायचं. अर्धं तोपर्यंत गेलेलं असतं. कुणाकडे जावं कळत नसेल तर सरकारचा टेली-मानस नंबर आहे, 14416. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

शेवटची एक कमेंट वाचते. सकाळीच आली. "ताई, व्हिडिओ छान असतात. ऑक्सिमीटर कुठल्या कंपनीचा चांगला?"

दादा, माझ्याचे सेल आईनं काढून टीव्हीच्या रिमोटला घातलेत. चॅनेल मस्त बदलतात. लावू का आता पंखा?