उठलं की उठवलं?

उजनी धरणाच्या काठावर, इंदापूरकडच्या एका नव्या गावठाणात, मी एका आजींना विचारलं होतं, "आजी, तुमचं गाव कधी उठलं?" ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "उठलं न्हाई बाबा, उठवलं."

एका 'व'चा फरक. पण माणूस आपणहून गेला की त्याला कुणी घालवलं, हे त्या 'व'वरून ठरतं. आज मला त्या 'व'बद्दलच बोलायचं आहे, कारण आपल्या छापील मराठीत तो फार सहज गळतो.

'स्थलांतरित' घ्या. ऊसतोड कामगार, मुंबईला नोकरीसाठी आलेला मुलगा, सगळे स्थलांतरित. १९९०मध्ये जिवाच्या भीतीनं काश्मीर खोरं सोडलेल्या पंडितांची सरकारी नोंदही 'मायग्रंट' अशीच झाली. त्यांच्या मालमत्तेसाठी १९९७मध्ये केलेल्या कायद्याच्या नावातही तोच शब्द आहे. त्यांच्यातल्या अनेकांना तो टोचतो, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्याला रात्रीत घर सोडावं लागलं, त्याला 'स्थलांतरित' म्हणणं म्हणजे घालवणाऱ्याला वाक्यातून मोकळं सोडणं.

'निर्वासित' हा शब्द मराठी घरांत शिरला तो फाळणीनंतर. सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिली, १९४९मध्ये त्या जागेचं उल्हासनगर झालं. आज तिथे चौथी पिढी आहे, तरी पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन' म्हणतात. आंतरराष्ट्रीय कायद्यात मात्र निर्वासित कोण, हे १९५१च्या करारानं बांधून दिलं आहे: छळाच्या रास्त भीतीनं आपल्या देशाबाहेर पडलेला माणूस. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही. देशातल्या देशात घर गमावलेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं यायला १९९८ उजाडलं. तेव्हा धरणानं उठवलेल्यांना वर्तमानपत्रं 'निर्वासित' म्हणतात ते कायद्यानं चूक आहे. त्यांच्यासाठी 'विस्थापित' हा नेमका शब्द. मूळ जागेवरून हलवलेला. आजींचा तो 'व' त्यात शाबूत आहे.

पण आपल्याकडे रुळला तो 'धरणग्रस्त'. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त, एका माळेत. पाटण तालुक्यात जा. कोयना धरणानं जमिनी गेल्या म्हणून धरणग्रस्त, आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला म्हणून भूकंपग्रस्त. एक गोष्ट जमिनीच्या पोटात घडली, दुसरी मंत्रालयातल्या फायलीत, आणि प्रत्यय दोन्हींना एकच. (त्या भूकंपाचा संबंध अनेक शास्त्रज्ञ जलाशयाशीच जोडतात, ते आणखी वेगळं.) 'ग्रस्त' म्हटलं की धरण हे आभाळातून पडल्यासारखं वाटतं. धरण पडत नाही. ते मंजूर होतं.

तरीही हा शब्द टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. चळवळीनं तो अभिमानानं वापरला. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा देणारे स्वतःला धरणग्रस्तच म्हणवत होते. शिवाय त्या शब्दाचा दाखला मिळतो. शासकीय भरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी, म्हणजे धरणग्रस्तांसाठीही, पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि ज्या नातवानं ते गाव कधी पाहिलंच नाही, तो आजोबांच्या नावावरचा दाखला फायलीत जपून ठेवतो.

२०१३च्या भूसंपादन कायद्यानं 'बाधित कुटुंब' आणि 'विस्थापित कुटुंब' वेगळी केली, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याची जमीन नाही, पण जो त्या शिवारात वर्षानुवर्षं मजुरी करत होता, त्यालाही बाधितांत जागा मिळाली. त्याआधी गावचा मजूर, सुतार, कुंभार हे हिशेबात येणं अवघडच होतं. मोबदला सातबारावर नाव असणाऱ्याला. बाकीच्यांनी बोचकं उचलायचं.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. सरकारी नकाशात तो भाग 'बुडीत क्षेत्र' आहे. त्या आजींच्या घरची माणसं चिखल तुडवत तिथवर जातात, पायरीला हात लावतात आणि संध्याकाळी परतल्यावर शेजाऱ्यांना सांगतात, "गावाला जाऊन आलो."