चुकांच्या वहीचे एक पान

नमस्कार श्रोतेहो. चीनमधील सातवी ते नववीची मुले इंग्रजी व्याकरणाचा आणि वाचनाचा सराव कशी करतात आणि तो कसा केला म्हणजे अंगवळणी पडतो, याविषयी आज मला बोलायचे आहे. मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर, 2019 साली, मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने काही महिने चीनमधील सुचौ या शहरात राहिले. शांघायपासून जलद आगगाडीने अर्ध्या तासावर असलेले, कालव्यांचे आणि जुन्या बागांचे हे शहर आहे. तेथे आमच्या शेजारी राहणाऱ्या सातवीतील एका मुलीमुळे मला या विषयाची गोडी लागली. तिची हकिगत मी सांगणारच आहे, परंतु त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

चीनमध्ये सातवी, आठवी आणि नववी या तीन वर्षांना ‘छूचोंग’ म्हणतात. नववीच्या अखेरीस, साधारणपणे जून महिन्यात, ‘चोंगखाओ’ नावाची परीक्षा होते आणि पुढे सामान्य उच्च माध्यमिक शाळेत जायचे की व्यावसायिक शाळेत, हे बहुतांशी तिच्या गुणांवर ठरते. आपल्या दहावीच्या परीक्षेचे घरावर जे दडपण असते, तेच तेथे चोंगखाओचे असते. बऱ्याच शहरांत या परीक्षेत इंग्रजीला 120 गुण असतात, म्हणजे चिनी भाषा आणि गणित यांच्या बरोबरीने. मुले इंग्रजी शिकू लागतात ती बहुधा तिसरीपासून, आणि नववी संपेपर्यंत त्यांना सुमारे 1,600 शब्द यावेत, अशी अभ्यासक्रमाची अपेक्षा असते. पाठ्यपुस्तकाबाहेरचे 1,50,000 शब्दांचे वाचन व्हावे, असेही तोच अभ्यासक्रम सांगतो. हे दोन आकडे श्रोत्यांनी लक्षात ठेवावेत, कारण मी त्यांच्याकडे पुन्हा येणार आहे.

आता अडचण कोठे आहे, ते पाहू. चिनी भाषेत क्रियापदाचे रूप काळाप्रमाणे बदलत नाही. काम पुरे झाले हे दाखवायला ‘ल’ असा एक छोटा शब्द जोडतात, परंतु ‘आवडणे’, ‘राहणे’ अशा क्रियापदांना पुष्कळदा तोही लागत नाही. केव्हाची गोष्ट आहे, ते संदर्भावरून कळते. तो, ती आणि ते या तिन्हींचा उच्चार ‘था’ असाच होतो. ‘तो उंच आहे’ म्हणताना ‘आहे’ची गरज पडत नाही, त्यामुळे मुलांच्या इंग्रजी वाक्यांतून ‘इज’ गळून जातो. काही चुका मात्र त्यांच्या आणि आपल्या अगदी सारख्या आहेत. चिनी भाषेत ‘स्वेरान’ने सुरू झालेले वाक्य पुढे ‘तान्श’ मागते, जसे आपले ‘जरी’ हे ‘तरी’ मागते. म्हणून त्यांची मुलेही ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ लिहितात आणि आमच्या शाळेतील मुलेही तेच लिहीत असत. तीस वर्षे मी त्या ‘बट’वर तांबडी रेघ मारली, पण तो ‘बट’ मराठीतील ‘तरी’मधून येतो, हे वर्गात समजावून सांगावे असे मला कितीतरी वर्षांनी सुचले. मुलाची चूक त्याच्या मातृभाषेतून आलेली असेल, तर आधी त्या मातृभाषेचा मान ठेवून ती समजावली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तर ती मुलगी. तिच्या आईने माझ्या मुलामार्फत विचारले, की शनिवारी सकाळी तासभर हिच्याशी इंग्रजी बोलाल का. आईची स्वतःची शाळा नव्वदच्या दशकातली. त्या वेळच्या चिनी पाठ्यपुस्तकांत ली लेइ आणि हान मेइमेइ अशी दोन मुले होती आणि त्या पिढीतील कोणालाही ‘हाउ आर यू’ म्हटले, की ‘फाइन, थँक यू, अँड यू?’ हे उत्तर एका दमात येते. आईनेही मला तसेच उत्तर दिले आणि मुलीला पुढे केले. मुलगी मला ‘नाइनाइ’ म्हणू लागली. नाइनाइ म्हणजे वडिलांची आई, आजी. मी तिला पहिल्या दिवशी आले घातलेला दुधाचा चहा दिला. चहात दूध आणि साखर पाहून ती थबकली, परंतु कप तिने रिकामा केला.

मग तिने दप्तरातून एक जाडजूड वही काढली. या वहीला तेथे ‘त्स्वोथीपन’ म्हणतात, म्हणजे चुकलेल्या प्रश्नांची वही, आणि ती बहुतेक मुलांकडे असते. चाचणीच्या कागदातून चुकलेला प्रश्न कात्रीने कापून डाव्या बाजूला डिंकाने चिकटवायचा, उजवीकडे तांबड्या शाईने बरोबर उत्तर लिहायचे आणि त्याखाली निळ्या शाईने चुकीचे कारण लिहायचे. मी ती वही उलटत बराच वेळ बसले. आपल्याकडे तपासलेला पेपर बाकाच्या कप्प्यात जातो, तेथून रद्दीत जातो आणि मूल तयार उत्तरांच्या गाइडकडे वळते. गाइडने आपल्या मुलांचे फार नुकसान केले आहे, हे मी येथे स्पष्टपणे सांगते. जुन्या पानांवर काही इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर बारीक चिनी अक्षरे होती. तिसरीत असताना तिने ‘थँक यू’वर ‘सान ख यौ’ लिहिले होते, ज्याचा शब्दशः अर्थ तीन ग्रॅम तेल असा होतो. उच्चार लक्षात राहावा म्हणून मुले असे लिहितात. आमची मुले इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहीत, त्याचीच मला आठवण झाली.

त्या दिवशी तिने भूतकाळाच्या वीस गाळलेल्या जागा माझ्यासमोर भरल्या आणि वीसही बरोबर आल्या. मी वही मिटली आणि सहज विचारले, की काल रात्री काय जेवलीस. ती म्हणाली, ‘यस्टरडे आय ईट नूडल्स.’ वीसपैकी वीस मिळवणारी मुलगी बोलताना ‘ईट’ म्हणाली. वहीतील तिच्या खुणा पुन्हा पाहिल्यावर मला उलगडा झाला. प्रत्येक प्रश्नात तिने ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘अगो’ असे शब्द अधोरेखित केले होते. खुणेचा शब्द दिसला, की रूप बदलायचे, एवढेच ती करत होती. वाक्यातील गोष्ट केव्हा घडली, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग हा सण येतो. त्या दिवशी चिनी माणसे पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, ती जागा झाडून स्वच्छ करतात आणि नमस्कार करतात. सुचौजवळच्या थाइहू सरोवराकाठी तोंगशान म्हणून डोंगराळ भाग आहे. तेथे ‘पील्वोछुन’ नावाचा हिरवा चहा होतो आणि छिंगमिंगच्या आधी खुडलेली कोवळी पाने सर्वांत मोलाची मानतात. सणानंतरच्या शनिवारी मुलगी आली, ती शाळेसाठी लिहिलेला ‘माझी आजी’ हा परिच्छेद घेऊन. मी तो वाचला. आजी तोंगशानला राहते. ती पहाटे उठते. ती चहाची पाने खुडते. तिला पील्वोछुन आवडतो. ती माझ्यासाठी स्वयंपाक करते. तिचा चहा चांगला आहे.

एकवचनी तृतीय पुरुषाच्या क्रियापदाला जो ‘एस’ लागतो, त्याला तेथील शिक्षक आणि मुले थोडक्यात ‘सानतान’ म्हणतात आणि तो गाळणे ही त्यांची नेहमीची चूक असते. तिने एकही गाळला नव्हता. लिव्ज, गेट्स, पिक्स, लाइक्स, कुक्स. मी प्रत्येकावर बरोबरची खूण केली आणि म्हणाले, की मे महिन्याच्या सुट्टीत तुझी आजी येईल का, मला तिच्याबरोबर चहा घ्यायला आवडेल. मुलगी काही बोलली नाही. तिने पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. मग म्हणाली, ‘नो. शी इज डेड. लास्ट विंटर.’

श्रोतेहो, माझ्या हातात तो कागद होता आणि त्यावर मी केलेल्या पाच खुणा होत्या. शाळेतही या परिच्छेदाला पूर्ण गुण मिळाले असते. व्याकरणाची एकही चूक त्यात नव्हती, आणि त्यातील एकही वाक्य खरे नव्हते. एक शेवटचे सोडून, आणि त्याबद्दल पुढे सांगते. तिच्या भाषेत ते सगळे खरेच होते. आजीला चहा ‘शीह्वान’, म्हणजे आवडणे. आजी हयात असो वा नसो, ते क्रियापद तसेच राहते. मी तिला सांगितले, की माझ्या भाषेत आपण म्हणतो, आजीला चहा आवडतो, आणि एक दिवस असा येतो, की त्या दिवसापासून म्हणावे लागते, आजीला चहा आवडायचा. माझ्या आईबद्दल बोलताना मी पहिले काही आठवडे चुकून ‘आवडतो’च म्हणत असे, हेही मी तिला सांगितले. तिने विचारले, ‘इंग्लिश ऑल्सो?’ मी म्हणाले, ‘इंग्लिश ऑल्सो.’

तिने निळे पेन घेतले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. लिव्जचे लिव्ड केले. गेट्सचे गॉट केले. पिक्सचे पिक्ट केले आणि ‘डी’ लावताना स्पेलिंग मनाशी पुटपुटली. लाइक्सचे लाइक्ड केले. ‘ती माझ्यासाठी स्वयंपाक करते’ या ओळीवर तिचे पेन पुष्कळ वेळ थांबले, आणि मग तिने ‘कुक्ड’ लिहिले. शेवटच्या ओळीपाशी येऊन तिने मान वर केली आणि मला असा प्रश्न विचारला, जो तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. ती म्हणाली, की आजीने खुडलेला चहा अजून आमच्या घरी डब्यात आहे, तर ‘इज’ की ‘वॉज’? मी म्हणाले, ‘इज.’ तिने ती ओळ तशीच ठेवली. नंतर तो कागद तिने चुकांच्या वहीत चिकटवला आणि कारणाच्या जागी, जेथे ती नेहमी नियमाचे नाव लिहीत असे, तेथे लिहिले: नाइनाइ, लाइक्ड, चहा, इज.

त्यानंतर आमचा शनिवार बदलला. आधी केव्हा, मग क्रियापद. पुन्हा सांगते, आधी केव्हा, मग क्रियापद. कोणताही उतारा घेतला, की प्रत्येक क्रियापदावर थांबून मी विचारी, हे केव्हाचे, आणि ते आता संपले आहे की अजून चालू आहे? चोंगखाओमध्ये गाळलेल्या जागांचा एक उतारा असतो, एकसंध गोष्टीतून शब्द काढलेले असतात आणि प्रत्येक जागेसाठी चार पर्याय दिलेले असतात. अशा कसोटीची पद्धत विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने 1953 साली मांडली, आणि एखादा उतारा वाचकाला कितपत सोपा जातो, हे मोजणे हा तिचा मूळ हेतू होता. म्हणजे ही कसोटी मुळात वाचनाची आहे. म्हणून पर्याय हाताने झाकून उतारा एकदा शेवटपर्यंत वाचावा, गोष्ट कोणाची आणि केव्हाची हे आपल्या भाषेत सांगावे आणि मगच पर्याय पाहावेत. पहिल्या वाक्यात बहुधा गाळलेली जागा नसते. गोष्टीचा काळ तेथेच सापडतो. आधी केव्हा, मग क्रियापद.

आता ते दोन आकडे. 1,600 शब्द मूल वर्षभरात घोकून पाठ करू शकेल, परंतु तेच शब्द 1,50,000 शब्दांच्या वाचनात वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी, वेगवेगळ्या काळांत पुन्हा पुन्हा भेटले, म्हणजे त्यांची रूपे कानाला ओळखीची होतात. चिनी शाळांत सकाळी सगळा वर्ग मोठ्याने वाचतो, त्याला ‘त्साओतू’ म्हणतात. ही चाल मला फार आवडली आणि आपल्या शाळांतून मोठ्याने वाचणे कमी झाले, याचे मला वाईट वाटते. मात्र तेथे वाचला जातो तो बहुधा पाठातील तोच उतारा. त्याच वेळात एखादी नवी, छोटी, सोपी गोष्ट वाचली, तर व्याकरणाचा निम्मा सराव तेथेच होईल. 2021 च्या जुलैमध्ये चीन सरकारने या वयाच्या मुलांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर कडक बंधने घातली, तेव्हापासून घरच्या सरावाला अधिकच महत्त्व आले आहे, आणि घरी इंग्रजी न येणारी आजीसुद्धा ‘हे केव्हाचे?’ एवढा प्रश्न आपल्या भाषेत विचारू शकते.

मी जुलैमध्ये परत आले. मुलीची चोंगखाओ 2021 च्या जूनमध्ये होती. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तिने माझ्या मुलाच्या वीचॅटवर चुकांच्या वहीतील त्या पानाचे छायाचित्र पाठवले. कागद कडेला पिवळा पडला होता. खाली, नव्या शाईने, तिने एक ओळ वाढवली होती: ‘माय ग्रँडमदर वुड हॅव लाइक्ड युवर टी.’ हे रूप चोंगखाओला विचारत नाहीत. ते शिकवतात पुढच्या इयत्तांत.

नमस्कार.