जाम पिस्टन सोडवताना

मे महिना, जळगाव. पारा ४५ अंशांकडे चाललाय आणि या पत्र्याच्या शेडखाली उभी आहे यावलकडच्या एका केळी बागायतदाराची अॅम्बेसेडर. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. हँडल घालून बघा, तसूभर फिरत नाही. भंगारवाला भाव सांगून गेलाय. पण ही गाडी बनणं २०१४ मध्येच थांबलं. वितळवलेला ब्लॉक परत मिळायचा नाही.

मिस्तरींचा पहिला प्रश्न : चालता चालता बसली, की उभ्या उभ्या?

चालताना बसली असेल तर दोष उष्णतेचा. पिस्टन अॅल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यात आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरवेलचं क्षाराचं पाणी. हा पांढरा थर पाहा. उष्णता बाहेर पडत नाही, पिस्टन फुगतो, तेलाचा पापुद्रा तुटतो आणि धातू धातूला धरतो.

ही गाडी मात्र उभ्या उभ्या बसलीय. उघड्या राहिलेल्या वाल्व्हमधून पावसाळी ओल आत गेली, पिस्टनवरच्या रिंगा गंजून सिलिंडरच्या भिंतीला चिकटल्या.

चारही प्लग निघाले. भोकांतून ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अॅसिटोन, निम्मं-निम्मं. आता थांबायचं. सेल्फ मारायचा नाही, जोर करायचा नाही. काही दिवसांनी टॉप गिअर टाकून गाडी पुढे-मागे झुलवायची. पोरगा जोर लावतो, तसे मिस्तरी म्हणतात, "घाई नको करू भो." हीच खरी कारागिरी, आणि ती कुठल्या मॅन्युअलमधून हातात येत नाही.

तीन पिस्टन सुटले. तिसऱ्या नंबरचा अडला. हेड उतरलं, खालून तेलाचं चेंबर उघडून पिस्टनचा रॉड सोडला आणि लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके. सुटला!

भिंतीवर गंजाचे खड्डे. वरवरचे असते तर होनिंगवर, म्हणजे दगडाने भिंत हलकी घासण्यावर, भागलं असतं. हे खोल आहेत, म्हणून लेथच्या वर्कशॉपमध्ये चारही सिलिंडर आतून कोरून २० थाउ मोठे बोअर झाले. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नव्या रिंगा बोअरमध्ये बसवून टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, तपासली जातेय. १२ थाउच्या आसपास हवी, कमी असेल तर रिंग घासायची.

खर्च भंगाराच्या भावाच्या वर गेला. मालकाने दिला.

रेडिएटर धुऊन आता त्यात कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. सुरुवातीचे काहीशे किलोमीटर गाडी हळू चालवायची, मग तेल बदलायला इथेच आणायची.